रानडुकराचे डोळे चमकत नाहीत

चंद्रपूरहून रात्री मूलच्या दिशेने निघालं की लोहाऱ्याच्या पुढे दोन्ही अंगांना जंगल सुरू होतं. गाडीचा उजेड वळणावर फिरतो आणि रस्त्याच्या कडेला हिरवट पांढरे ठिपके पेटतात. आधी दोन, मग चार, मग दहा. चितळांचा कळप. त्यांच्या डोळ्यांत पडद्याच्या मागे आरशासारखा एक थर असतो. आत गेलेला उजेड त्या थरावर आपटून परत येतो, म्हणून ते डोळे आपल्याला दिव्यांसारखे दिसतात. गायीला हा थर आहे, कुत्र्याला आहे, वाघ-बिबट्यालाही आहे. डुकराच्या कुळात मात्र तो नाही. त्यामुळे त्याच रस्त्यावर, त्याच उजेडात शंभरेक किलोचं रानडुक्कर उभं असलं, तरी ठिपका पेटत नाही. रात्र काळी, डांबर काळं, डुक्करही काळं.

वर्षानुवर्षं या रस्त्यावर गाडी हाकणाऱ्या माणसाला डोळ्यातला थर ठाऊक नसेल, पण त्याचा पाय ठरावीक ठिकाणी आपोआप ब्रेकवर जातो. ठिपका दिसला नाही म्हणजे वाट मोकळी, असं तो धरून चालत नाही. एक चितळ रस्ता ओलांडून गेलं, की तो गाडी पुढे दामटत नाही, थांबतो. कारण एक गेलं म्हणजे मागे कळप आहे. हे त्याला कुठल्या पुस्तकाने शिकवलेलं नाही.

आता त्याच रस्त्यावर सोळा वर्षांचा पोरगा आणा. खाली सव्वाशे सीसीची गाडी, मागे दोन दोस्त, कानात वारा. तो याच मुलखातला आहे. पायी असला तर शेतातली ओली माती बघून रात्री कोणतं जनावर गेलं ते सांगेल. माकडाचं खेकसणं ऐकून कोणत्या झाडाखाली बिबट्या असेल याचा अंदाज करील. मग गाडीवर बसल्यावर त्याचं हे ज्ञान जातं कुठे? आणि त्याला काही वर्षं कायद्याने थोडं बांधून ठेवलं, तर त्याचा जीव खरंच वाचतो का?

प्रश्न साधा वाटतो. त्याचं उत्तर शोधायला निघालं की वाटेत डोळा, मेंदू, दोस्ती, नाटक, लोहखनिज आणि वाघ एवढ्यांची गाठ पडते.

नजर कुठे असते?

सुरुवात डोळ्यापासून. १९७२ साली अमेरिकेत मूरंट आणि रॉकवेल या दोन संशोधकांनी गाडी चालवणाऱ्यांच्या नजरेचा माग काढणारं उपकरण वापरून एक गोष्ट टिपली. अनुभवी चालकाची नजर लांबवर असते, आडवी फिरते, अधूनमधून आरशात डोकावते. नवख्याची नजर गाडीच्या तोंडासमोरच्या तुकड्यावर आणि रस्त्याच्या काठावर खिळलेली असते. गाडी रस्त्यावर ठेवणं हेच त्याचं सगळं काम होऊन बसतं. रस्त्यावर आणखी कोण येऊ शकतं, याचा विचार करायला डोक्यात जागाच उरत नाही.

म्हणजे नवख्याला दिसत नाही असं नाही, कुठे बघायचं ते त्याला कळत नाही. आणि हे 'कुठे' शिकायला महिने, वर्षं जातात. ब्रिटनने हे इतकं मनावर घेतलं, की २००२ पासून लायसनच्या परीक्षेत चित्रफिती दाखवून 'इथे धोका उगवतोय' हे उमेदवार किती लवकर ओळखतो, ते तपासायला सुरुवात केली. हँडल वळवता येतं का, एवढंच पाहून ते थांबले नाहीत.

आपल्या जंगलातल्या पोराचं ज्ञान जातं कुठे, याचं उत्तरही इथेच आहे. ते ज्ञान पायाच्या गतीचं आहे. माणूस चालतो तेव्हा सेकंदाला सव्वा-दीड मीटर पुढे सरकतो. तेवढ्या वेळात वास येतो, पान वाजतं, पाखरू ओरडतं. ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर खाते. धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यातच २५ मीटर गेले. मग ब्रेक लागून गाडी थांबायला कोरड्या चांगल्या डांबरावर आणखी वीस-पंचवीस. एकूण ४८ मीटरच्या आसपास. ताशी ४० ला हाच हिशेब २७ मीटरवर येतो आणि ताशी ८० ला ७४ वर जातो. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते, हे विज्ञानाच्या पुस्तकात आहे. दुचाकीचा खाली झुकवलेला दिवा मात्र काही दहा मीटरांपलीकडे फारसं दाखवत नाही, हे पुस्तकात नाही. पोरगा दिसण्याच्या पलीकडच्या वेगाने निघालेला असतो. दिव्याच्या उजेडाबाहेर जो आहे, त्याला धडकून झाल्यावरच तो पाहणार.

दोस्त शेजारी बसले की

आता मेंदू. आपण म्हणतो, 'पोरांना अक्कल नाही.' विज्ञान त्याहून बारीक बोलतं. पोरांना धोका कळतो. एकटं बसवून विचारलं तर सोळा वर्षांचा मुलगाही धोक्याचा अंदाज मोठ्या माणसाच्या जवळपास करतो. गंमत पुढे आहे.

२००५ साली गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी ३०६ जणांना संगणकावर गाडीचा एक खेळ खेळायला दिला. दिवा पिवळा झाल्यावर गाडी जितकी पुढे न्याल तितके गुण जास्त, आणि फार ताणलं तर धडक बसून कमाई गेली. तीन वयोगट घेतले: १३ ते १६, १८ ते २२ आणि २४ च्या पुढचे. काहींना एकटं खेळवलं, काहींना बरोबरीच्या दोस्तांसमोर. चोविशीच्या पुढच्यांना दोस्त असले-नसले सारखंच. पोरांनी मात्र दोस्त बघत असताना धोका कितीतरी जास्त पत्करला. २०११ साली अशाच एका खेळात मेंदूचं चित्रण करणारं यंत्र जोडलं. या वेळी दोस्त शेजारच्या खोलीत बसून पाहत होते. तरीही पोरांच्या मेंदूतली बक्षिसाची चटक लावणारी केंद्रं जास्त पेटली. मोठ्यांच्या मेंदूत तसं झालं नाही.

यामागे वाढीचा क्रम आहे. मजा आणि बक्षीस यांच्याकडे ओढणारा मेंदूचा भाग वयात येताना लवकर जागा होतो. कपाळामागचा, थांब म्हणणारा भाग पुरता पिकायला पंचविशी उजाडते. मधली काही वर्षं गाडीचा ॲक्सिलरेटर मोठ्या माणसाचा आणि ब्रेक लहान मुलाचा, अशी अवस्था असते.

याला निसर्गाची चूक म्हणू नका. आईची हद्द सोडायला धाडस लागतं, आणि ते बहुतेक सस्तन प्राण्यांच्या तरुण नरांना कुठून तरी आणावं लागतं. आपल्या शेजारच्या टिपेश्वरमधून २०१९ साली असाच एक तरुण वाघ निघाला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून आपल्याला कळलं. महाराष्ट्र-तेलंगणातली शेतं, ओढे, रस्ते, वस्त्या ओलांडत तो महिनोन्‌महिने चालत राहिला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'वॉकर'. सगळ्यांचं असं भलं होत नाही. बोर अभयारण्यातला बाजीराव हा वाघ २०१७ च्या डिसेंबरमध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेत मेला. घर सोडायला लावणारी ही ओढ लाखो वर्षं जुनी आहे. डांबर मात्र कालचं आहे.

नाटक सुटल्यावर

दोस्तांचं हे शास्त्र पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत कधी बघायचं असेल, तर दिवाळीनंतर या. वडसा म्हणजे देसाईगंज ही झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी. दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्री नाटक रंगतं. पडदा उशिरा उघडतो, पहाटे पडतो. आसपासच्या गावांतली पोरं येतात, आणि येतात ती एका गाडीवर तिघं. ट्रिपल सीट हा आमच्याकडे गुन्हा कमी आणि मैत्रीचा पुरावा जास्त आहे.

जगभरातल्या अपघातांच्या अभ्यासात तरुण चालकांसाठी ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा घातक ठरल्या, त्या या एका चित्रात एकत्र येतात. रात्र, समवयस्क सोबती, झोप आणि कधी कधी दारू. अमेरिकेतला २००० सालचा एक अभ्यास सांगतो, की १६-१७ वर्षांच्या चालकाच्या मरणाची शक्यता गाडीत सोबती जितके वाढले तितकी वाढत गेली. त्यात आपली भर म्हणजे हेल्मेट. देशात २०२२ साली हेल्मेट नसल्याने गेलेल्यांचा सरकारी आकडा ५० हजारांच्या घरात आहे, आणि त्यात हजारो मागे बसलेले आहेत. नाटकाला निघालेल्या तिघांत हेल्मेट एक असेल तर ते बहुधा हँडलला अडकवलेलं असतं.

'मग पोरांना नीट शिकवा ना, बंदी कशाला?' असं कोणी म्हणेल. नॉर्वेने तेच केलं होतं. १९७९ पासून नव्या चालकांना बर्फाळ, निसरड्या रस्त्यावर घसरलेली गाडी कशी सावरायची, याचं सक्तीचं प्रशिक्षण सुरू झालं. नंतर तपासलं तेव्हा तरुण पुरुषांचे निसरड्या रस्त्यांवरचे अपघात कमी न होता वाढलेले दिसले. हात तयार झाला, त्यापेक्षा छाती जास्त फुगली. 'आपल्याला घसरण सावरता येते' असं वाटणारा वेग कमी करत नाही. गाडी चालवण्याचं कौशल्य आणि गाडी जपून चालवण्याची अक्कल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मैदानात शिकवता येते. दुसरी रस्त्यावर, हळूहळू, कमी धोक्यातून जास्त धोक्याकडे जातच येते.

भिंत आणि जिना

मग कायदा काय म्हणतो? आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात अठराव्या वर्षी एक उंच भिंत आहे. तिच्या अलीकडे गाडी नाही, पलीकडे सगळं खुलं. प्रवासी किंवा मालवाहू व्यावसायिक वाहनासाठी वय वीस. भिंतीत एक छोटी खिडकी ठेवलेली आहे: ५० सीसीपर्यंतची दुचाकी सोळाव्या वर्षी चालवता येते. हा कायदा लूनाच्या जमान्यातला. १९७२ साली आलेली ती फिरोदियांची ५० सीसीची लूना तेव्हा गावोगाव दिसायची. आज शोरूममध्ये पेट्रोलवरची अशी गाडी शोधून मिळायची नाही. म्हणजे कायद्याने पोरांसाठी खिडकी उघडी ठेवली आणि खिडकीपलीकडचं वाहनच निघून गेलं. पोरगं मग बापाची शंभर-सव्वाशे सीसीची गाडी काढतं. ताशी २५ च्या आत चालणाऱ्या, २५० वॉटपर्यंतच्या विजेच्या दुचाकीला मात्र लायसन लागतच नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने भिंतीवर काटेरी तार लावली. कलम १९९ अ. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजारांचा दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचविशी गाठेपर्यंत लायसन नाही. मुलाच्या हाती गाडी तुमच्याच संमतीने गेली, असं न्यायालय गृहीत धरतं. तसं नव्हतं, हे सिद्ध करायचं काम तुमचं.

हे कलम महाराष्ट्राच्या तोंडी आलं ते १९ मे २०२४ नंतर. पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या पोर्शने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांना उडवलं. दोघंही गेले. बाल न्याय मंडळाने जामीन देताना अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायची अट घातली आणि साऱ्या देशात संताप उसळला. पण त्या पोर्शच्या उजेडात आपल्याकडची रोजची गोष्ट झाकली गेली. गावाच्या पारावरून शाळेकडे सुसाट जाणारी फटफटी, तिच्यावरचा नववीतला पोरगा आणि 'आमचा बाबू लय भारी चालवते' म्हणून कौतुकाने बघणारा बाप. त्या पोराच्या हातून कोणी गेलं, तर लायसन नसल्यामुळे विमा कंपनी पीडिताला दिलेली भरपाई गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. धानाच्या दोन एकरांवर जगणाऱ्या घराला हा आकडा पेलणार नाही.

भिंतीची खरी अडचण वेगळीच आहे. भिंतीआड पोरं शिकायची थांबत नाहीत, फक्त लपून शिकतात. एकटी, बिनहेल्मेट, बिनशिक्षक, बहुधा संध्याकाळी.

न्यूझीलंडने १९८७ च्या ऑगस्टमध्ये वेगळा विचार केला. त्यांनी भिंत काढून जिना बांधला. पहिली पायरी: शेजारी अनुभवी माणूस बसलेला असतानाच गाडी. दुसरी पायरी: एकट्याने चालवा, पण रात्री दहा ते पहाटे पाचपर्यंत नाही आणि दोस्तांना घेऊन नाही. तिसरी पायरी: पूर्ण लायसन. पुढे १९९६ साली फ्लोरिडाने अमेरिकेत ही पद्धत आणली आणि बाकीच्या राज्यांनी ती कमी-जास्त स्वरूपात उचलली. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्यांनी निष्कर्ष काढला, की जिथे जिना आला तिथे कोवळ्या चालकांचे अपघात घटले.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. २०११ साली अमेरिकेत मास्टेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीसेक वर्षांचे आकडे चाळले. कडक जिना असलेल्या राज्यांत १६ वर्षांच्या चालकांचे जीवघेणे अपघात २६ टक्के कमी होते. पण १८ वर्षांच्यांचे १२ टक्के जास्त होते. असं का, यावर अजून वाद आहे. एक शक्यता अशी, की पोरांनी कटकट नको म्हणून अठरा पूर्ण होईपर्यंत वाट पाहिली आणि मग एकदम सगळ्या सवलतींसह रस्त्यावर उतरली. पायऱ्या बहुतेक राज्यांत १८ च्या आतल्यांनाच लागू होत्या. जो जिना चढलाच नाही, त्याला शेवटच्या मजल्यावर उचलून ठेवल्यासारखं झालं.

आता आपल्या कायद्याकडे परत बघा. आपण तर सगळ्यांनाच शेवटच्या मजल्यावर उचलून ठेवतो. कच्चं लायसन सहा महिन्यांचं, तीस दिवसांनी परीक्षा देता येते. कच्च्या लायसनवर असताना मागे शिकवणाऱ्याशिवाय कोणाला बसवू नये, असा नियम आपल्याकडेही आहे. पांढऱ्यावर लाल 'एल' लावायचा नियमही आहे. म्हणजे जिन्याची पहिली पायरी आपण बांधलेली आहे. पण पक्कं लायसन हातात पडलं, की त्याच रात्री वडशाच्या नाटकाला ट्रिपल सीट नसली तरी डबल सीट जायला कायद्याची आडकाठी नाही. दुसरी पायरीच नाही.

बस नाही, ट्रक आहेत

इथे गडचिरोलीचा माणूस मध्येच थांबवून विचारील, 'साहेब, तुमचा जिना ठीक आहे, पण आमच्या पोरानं जायचं कशानं?'

त्याचा प्रश्न चुकीचा नाही. जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून जास्त भाग जंगल. एटापल्ली तालुक्यातल्या गर्देवाड्यापर्यंत एसटी पहिल्यांदा गेली ती १ जानेवारी २०२५ ला. मुख्यमंत्र्यांच्या हस्ते ती सुरू झाली आणि स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी बस आली म्हणून बातमी झाली. सिरोंच्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी यायचं तर जवळपास दोनशे किलोमीटर. पावसाळ्यात पर्लकोटाला पूर आला की भामरागड जगापासून तुटतं. अशा ठिकाणी दुचाकी ही चैन नसते. आजारी बाईला आरोग्य केंद्रात नेणारी तीच, तेंदूपत्त्याच्या फडीवर नेणारी तीच, बाजाराचं मीठ-तेल आणणारीही तीच. रात्री दहाला बंदी म्हणालात आणि घरात एकोणीस वर्षांचा मुलगा हाच एकटा गाडी येणारा असला, तर बाळंतीण थांबत नाही.

म्हणून पायरी बांधताना तिच्यात दार ठेवायला हवं. आजारपण, रोजगार, शेती यांना सूट. आणि त्याहून महत्त्वाचं, पर्याय. शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो. मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळतात, त्यांच्यासाठी निळ्या बसही धावतात. या एका गोष्टीने किती मुली शाळेत टिकल्या, ते गावात कोणालाही विचारा. त्याच गावातला, त्याच शाळेचा मुलगा मात्र बापाची गाडी मागतो, आणि बाप ती देतो. मुलींसाठी आपण बस पाठवली, मुलांसाठी किल्ली ठेवली.

दुसरी गोष्ट त्याहून कडू आहे. रस्त्यावर धोका फक्त तरुण चालकाकडून नाही. चंद्रपूर हा कोळशाचा, सिमेंटचा आणि औष्णिक विजेचा जिल्हा. घुग्घुस, राजुरा, गडचांदूरकडच्या रस्त्यांवर टिप्पर आणि बल्कर यांची रांग तुटत नाही. गडचिरोलीत सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक एटापल्ली, आलापल्ली, आष्टीच्या वाटेने धावतात. ७ ऑगस्ट २०२५ ची पहाट आठवा. गडचिरोली-आरमोरी महामार्गावर काटलीजवळ रस्त्याकडेला व्यायाम करणाऱ्या सहा मुलांना ट्रकने चिरडलं. चार गेली. ती गाडीवर नव्हती, त्यांच्या मागे कोणी दोस्त बसलेला नव्हता, त्यांनी कोणताच नियम मोडला नव्हता. ती पळायला आली होती आणि पळायला गावाजवळ दुसरी जागा नव्हती.

तरुणांवर बंधन घालून आपलं काम झालं असं समजणाऱ्याने काटलीची ही चार मुलं नजरेआड करू नयेत. रस्त्याला कड हवी, गावाला मैदान हवं, ट्रकचालकाला पुरेशी झोप हवी. सतरा वर्षांच्या पोराला बांधणारा कायदा जर खनिजाच्या ट्रकला मोकळा सोडत असेल, तर पोरगं त्याला कायदा न म्हणता दादागिरी म्हणेल, आणि त्याचं म्हणणं खोटं नसेल.

जंगलाचं लायसन

तरीही माझं मत जिन्याच्या बाजूने आहे, आणि ते मी न्यूझीलंडकडून उचललेलं नाही. ते इथल्या जंगलात आधीपासून आहे.

मोहाच्या दिवसांत पहाटे फुलं वेचायला कोण जातं, बघा. लहान पोर आईसोबत, गावालगतच्या झाडाखाली. तेंदूपत्त्याच्या हंगामात घरादारासह, मोठ्यांच्या नजरेच्या टप्प्यात. मग थोडं मोठं झालं की गुरांमागे, पण उन्हं कलायच्या आत परत. आत खोलवर, एकट्याने, सर्वांत शेवटी. कोणत्याही गावाने चौदा वर्षांच्या पोराला पहिल्याच दिवशी, अमावास्येच्या रात्री, दोन दोस्तांसोबत वाघाच्या पाणवठ्यावर पाठवलेलं नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही या भागात वाघांचा वावर वाढला तेव्हा गावकऱ्यांनी अंधारात एकट्याने शेतात न जाण्याचा नियम अंगवळणी पाडून घेतला. त्याला कोणी स्वातंत्र्यावरचा घाला म्हणालं नाही. वाघाची संचारबंदी सगळे पाळतात.

ताडोबातही तेच. १९५५ चं हे राष्ट्रीय उद्यान, महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं. मुंबईहून आलेल्या साहेबाला तीस वर्षांचा गाडीचा अनुभव असला, तरी मोहर्लीच्या दारातून आत सफारीच्या गाडीत बसूनच जायचं. सोबत गाईड, वेळ ठरलेली, वेग ताशी वीसच्या आत, अंधार पडायच्या आधी बाहेर. त्या साहेबाला गाडी चालवता येत नाही म्हणून हे नियम नाहीत. त्याला जंगल वाचता येत नाही, म्हणून आहेत. वाघिणीची पिल्लंसुद्धा साधारण दोन वर्षं आईच्या मागे फिरतात. आधी नुसती बघतात, मग अर्धवट मारलेल्या शिकारीवर हात साफ करतात, मग एकटी.

रस्ता हेही एक जंगलच आहे. त्यालाही ठसे आहेत, हाका आहेत, पाणवठे आहेत. फाट्यावर उभा असलेला ऑटो म्हणजे त्याच्या आडून कोणीतरी उतरणार. उडता चेंडू म्हणजे मागे पोरगं. बैलबंडीचा रोख, बाजाराचा दिवस, पाऊस पडल्यावरचा पहिला अर्धा तास. हे वाचायला वेळ लागतो आणि तो वेळ कमी धोक्यात मिळाला पाहिजे. कायद्याने फक्त ती सोय करून द्यायची.

म्हणून मला वाटतं, भिंत आणखी उंच करून उपयोग नाही. सोळाव्या वर्षी, कमी वेगाच्या गाडीवर, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली शिकायची खुली वाट द्या, म्हणजे लपून शिकणं थांबेल. आणि पक्कं लायसन मिळाल्यावरचं पहिलं वर्ष, वय अठरा असो की तेवीस, दुसरी पायरी माना: रात्री उशिरा गरजेपुरतंच, मागे समवयस्क सोबती नाही, दारूचा थेंबही नाही. वय बघून बांधलं तर अमेरिकेच्या अठरा वर्षांच्यांसारखी फसगत होते. अनुभव बघून बांधावं. आणि परीक्षेत आठचा आकडा काढायला लावण्याबरोबर एकदा रात्रीच्या रस्त्याची चित्रफीतही दाखवा. त्यात चितळ असू द्या आणि डुक्करही.

कायदा व्हायला वेळ लागेल. तुमच्या घरात खुंटीला किल्ली आजही टांगलेली आहे. तुमच्या मुलाला पक्कं लायसन मिळालं असेल, तर पहिलं वर्ष त्याला ती दिवसा द्या, हेल्मेटसकट द्या, एकट्याला द्या. नाटकाला जायचं असेल तर तुम्ही चालवा, तो मागे बसू दे. वाटेत लोहाऱ्याच्या पुढे, जिथे काहीच चमकत नाही अशा ठिकाणी, गाडी हळू करा आणि का हळू केली ते त्याला सांगा.